गोळ्या संपल्यावरचं आजारपण

क्षयाच्या पेशंटला सगळे एकच सांगतात, गोळ्या मध्येच सोडू नका. खरंच सोडू नका. मीही तेच सांगेन. पण गोळ्या संपल्यावर काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. प्राथमिक शाळेची मास्तरीण आहे मी, ऐकण्यापेक्षा सांगायचीच सवय जास्त. म्हणून हे सांगून टाकते. ज्यांचा कोर्स पुरा झालाय, डॉक्टरांनी ज्यांना बरे झालात म्हणून घरी पाठवलंय आणि तरीही जे आपल्याच घरात अंग चोरून वावरतायत, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

घरात लहान मूल आहे का?

गोष्ट नव्वदीतली. मी फलटणजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, राहायला फलटणात. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. घरात सासूबाई, सासरे म्हणजे आमचे आबा, आणि आमची अडीच वर्षांची पोर. नाव हौसेनं प्रज्ञा ठेवलं आणि हाक पडली पिंकी. त्या काळात दर दुसऱ्या घरात एक पिंकी होतीच.

खोकला सुरू झाला तेव्हा मी तो खडूच्या धुळीवर ढकलला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते दमणुकीवर ढकललं. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तर मनातून खूशच झाले, बरं झालं, बाळंतपणातलं उतरतंय. एक दिवस वर्गात पाढे म्हणून घेताना खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर रक्त दिसलं. सतराचा पाढा चालला होता. रुमाल मुठीत धरून मी तो पुरा करून घेतला आणि मगच खुर्चीवर बसले.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. थुंकीचा रिपोर्ट बघितला. म्हणाले, "बाई, टीबी आहे. औषधानं पूर्ण बरा होतो, घाबरायचं कारण नाही." मग चष्मा काढून विचारलं, "घरात लहान मूल आहे का?"

त्यानंतर ते बरंच बोलले. ह्यांनी सगळं ऐकलं, चिठ्ठी घेतली, शंका विचारल्या. मी मात्र तेवढा एक प्रश्न घेऊन घरी आले. दारात पिंकी धावत आली, पायांना मिठी मारणार एवढ्यात मी ओरडले. कशी ओरडले ते माझं मलाच ठाऊक. पोर होती तिथंच बसली. सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"आगं, काय झालं?"

"तिला उचला," मी म्हणाले. "आधी तिला उचला."

दुसऱ्या दिवशी पिंकीला तपासून आणलं. तिला काही नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत बसून पोटभर रडले, आणि ती आत आजीच्या मांडीवर दूधभात खात होती.

डबल न्यूमोनिया

रक्त थांबेना, म्हणून दवाखान्यात राहायचं ठरलं. माझं माहेर सांगलीचं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सोय झाली, आई रोज डबा घेऊन येऊ शकत होती. आईनं शेजारीपाजारी न्यूमोनिया सांगितला होता. न्यूमोनियाला एवढे दिवस का लागतात असं कुणी विचारलं, की ती म्हणायची, "डबल हाय."

दवाखान्याचं वेळापत्रक शाळेपेक्षा कडक. सकाळी उठल्या उठल्या डबीत थुंकी, मग रिकाम्या पोटी मूठभर गोळ्या, मग इंजेक्शन. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरचा हात इतका हलका, की तिची सुट्टी असली की वॉर्डात सुतक पडायचं. पहिल्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी पांढरीफटक पडले. शेजारच्या कॉटवरची बाई हसून हसून उठून बसली.

"आवं टीचर, गोळीचा रंग हाय त्यो. समद्यांची तशीच हुती. मी तर पयल्या दिवशी घरी निरोप धाडला हुता, शेवटचं भेटून जावा म्हनून."

ही हमीदाबी. तासगावकडची. घरात पिढ्यान् पिढ्या बांगड्यांचा धंदा, ही स्वतः टोपली घेऊन गावोगाव फिरणारी. बांगडी भरायची म्हणजे बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, तो दाबायचा, वळवायचा, गप्पा मारत अंगठ्यावरून बांगडी उतरवायची. मी एकदा तिला विचारलं, टीबी झालेलीच्या हातात आता कोण हात देईल? माझा प्रश्न मेला तोंडातून निसटलाच.

हमीदाबी विचार करून म्हणाली, "ज्या देनार न्हाईत त्यास्नी मी मागनारच न्हाई. आन् देनाऱ्या बी लय असत्यात. मीच हात मागं घेतला तर मातुर धंदा बसला म्हनायचा."

मला तेव्हा वाटलं, अडाणी बाई आहे, हिला धोका कळत नाही. खरं तर सिस्टरनं मला समोर बसवून सांगितलं होतं, की औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत तुमच्यापासून दुसऱ्याला भीती राहत नाही, आणि ताटवाटीनं तर हा आजार मुळातच लागत नाही. मी मान हलवली. वर्गात पोरं हलवतात तशी.

रविवारी दुपारी दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवर ह्यांचा फोन यायचा. ह्यांचं बोलून झालं की पिंकीच्या कानाला रिसीव्हर लावायचे. पोर काही बोलायची नाही. नुसता श्वास ऐकू यायचा, मध्येच एक हुंकार. मी तिला चिऊ कुठं गेली, काऊ कुठं गेला, विचारत राहायची. बूथवाला काचेचं दार लावून घ्यायचा आणि माझं रडणं दिसू नये म्हणून रस्त्याकडे तोंड करून बसायचा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. आणि तेव्हा लक्षात आलं नाही, पण फोनवरसुद्धा मी तोंडाला पदर लावून बोलत होते.

मास्तरणीचे नियम

घरी आले ती नियम घेऊनच. बाहेरच्या खोलीत माझी कॉट. माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा. कपबशी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. मीच धुवायची, मीच पालथी घालायची. चहाच्या वेळी कप हातात धरून मी लांब उभी राहायची आणि सासूबाईंनी वरून ओतायचा. पिंकीला शिकवलं, मधल्या खोलीचा उंबरा ओलांडून आईकडे यायचं नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना एवढ्या लवकर कधी काही शिकवता आलं नव्हतं. चेंडू घरंगळत माझ्याकडे आला तर ती उंबऱ्याशी थांबायची, "खोकला लागंल" म्हणायची आणि मी चेंडू पायानं तिच्याकडे ढकलायची.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तर नाहीच नाही.

"आगं, भांड्यानं लागत न्हाई म्हनला न्हवं डागदर?"

"त्यांना काय जातंय म्हणायला."

"ऱ्हा मग तशीच. सुंभ जळंल पर तुझा पीळ काय जळायचा न्हाई."

आबांचं वागणं मात्र बदललं. आजारपणाआधी सकाळचा पहिला चहा आम्ही दोघं मिळून घ्यायचो. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, मी पेपर मोठ्यानं वाचायची आणि ते पुढाऱ्यांना शिव्या द्यायचे. मी परत आल्यापासून ते घरात चहाच घेईनात. खिडकीकडे नजर गेली की टोपी डोक्यावर ठेवायचे आणि बाहेर पडायचे. मी समजले, म्हाताऱ्याला माझी किळस येते. राग आला नाही, उलट पटलंच. मी कप कट्ट्यावर आणखी टोकाला सरकवला.

"बाई, जेवायला चला"

कोर्स संपला. डॉक्टर म्हणाले, औषध बंद, शाळेत रुजू व्हा, मुलीला कडेवर घेऊन हिंडा. मी थुंकी पुन्हा तपासायला लावली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, पुन्हा पुन्हा तपासून जंतू उगवत नसतात."

शाळेत रुजू झाले. पहिला बाक मागे सरकवला. पाट्या लांबून तपासल्या. कविता म्हणताना माझा आवाज तीन वर्गांत जायचा, तो मी आता फळ्याकडे तोंड करून पुटपुटायला लागले. घरी नियम जसेच्या तसे. अजून महिनाभर थांबू म्हणायची. महिना झाला की पावसाळा जाऊ दे. पावसाळा गेला की थंडी निघू दे.

एकदा ह्यांचा धीर सुटला. "दिसभर चाळीस पोरांत बसतीस. ती लोकांची, म्हनून चालतंय व्हय? आन् घरात एक हाय तिला लांब ठिवतीस. मला बी घरात बायको हाय का भाडेकरू, कळंना झालंय."

मी भांडले. उत्तर नसलं की मी भांडते. दोन दिवस भांडण धुमसत राहिलं. ते मधल्या खोलीत, मी बाहेरच्या कॉटवर.

गल्लीतली पोरं अभ्यास विचारायला यायची, "बाई, बाई" करायची. पिंकी उंबऱ्यापलीकडून बघायची. आजीला ती आई म्हणायला लागली होती, कारण तिचे पप्पा आजीला आई म्हणायचे. एक दिवस ती उंबऱ्याशी आली, हात मागे बांधून नीट उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जेवायला चला."

सासूबाईंना हसू फुटलं, मग माझ्याकडे बघून त्या गप झाल्या. मीही हसल्यासारखं केलं. न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले. पोरीला वाचवायच्या नादात मी पोर घालवून बसले होते, आणि हे कळूनही दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा कप धुऊन कट्ट्यावर पालथा घातला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही.

भिंतीतला कोनाडा

त्या दिवसांत आबांची धाकटी बहीण डोळे दाखवायला आमच्याकडे राहायला आली. म्हसवडकडच्या ह्या आत्याबाई बोलायला रोखठोक. सकाळी बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या आणि त्यांची नजर खिडकीवर गेली.

"ही कुनाची गं कपबशी भाईर?"

"माझी, आत्या."

"तुझी? आन् भाईर का?"

मी त्यांना सगळा धडा दिला. जंतू, थुंकी, लहान मूल, काळजी. त्यांनी निमूट ऐकून घेतला. आबा तेवढ्यात टोपी घालून निघाले होते. आत्याबाईंनी त्यांना हटकलं.

"दादा, हे बघितलंस का तू?"

"रोज बघतोय," आबा पाठमोरेच म्हणाले.

"मग गप का बसलायस?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. आत्याबाईच माझ्याकडे वळल्या. "आमच्या गावात हाटेलाच्या भाईरल्या भिंतीत कोनाडा हुता. त्यात आपल्या लोकांच्या कपबश्या. आपनच घ्यायची, लांब धरायची, त्यो वरनं च्या वतायचा. आपनच धुवायची आन् पालथी घालायची. ह्याला तवा मिसरूड फुटत हुतं. एक दिस ह्यानं त्यो कप घेतलाच न्हाई. आत जाऊन बाकड्यावर बसला. लय मारला ह्याला. त्याच सांजंला गाव सोडलं आन् हितं कारखान्यावर आला."

माझे वडील रेल्वेत होते. मी सांगलीत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढले, असला कप कधी डोळ्यांनी बघितला नव्हता. पण ऐकलं किती होतं. दर जयंतीला भाषणात ऐकलं होतं, शाळेत तर मी स्वतः ठासून सांगायची, की वेगळा कप हा माणसाचा अपमान आहे. आणि त्याच तोंडानं घरी येऊन, वरून ओतलेला चहा मी स्वतःच्या वेगळ्या कपात पीत होते. सासऱ्यानं ज्या कपापायी गाव सोडलं, तो मी त्याच्याच खिडकीत आणून ठेवला होता.

आबा माझ्यापुढे येऊन बसले. "पोरी, तुला वाटलं आसंल सासरा किळस करतोय. न्हाई गं. त्या कपाकडं बघवत न्हाई मला. आजारी हुतीस तवर म्हनलं आसूं दे, औषिध चाललंय, तिच्या मनाला बरं वाटतंय. आता आजार न्हाई. आता तुला भाईर कोन ठिवतंय? आमाला ठिवनारी मानसं तरी हुती. तुला ठिवनाऱ्याचं नाव सांग, मी बघतो त्याच्याकडं."

नाव एकच होतं आणि ते सांगायची मला सोय नव्हती. आत्याबाईंनी कट्ट्यावरची कपबशी उचलली, आत नेऊन मोरीत बाकीच्या भांड्यांत टाकली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "वैनी, च्या टाका समद्यांचा." आम्ही सगळ्यांनी मधल्या खोलीत बसून चहा घेतला. कुणी कुठल्या कपात घेतला ते मला आठवत नाही. आबांनी दोनदा मागून घेतला.

भीती काही गेली नाही

इथं सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही.

मी चहा संपवला, हात पुढे केले आणि पिंकीला हाक मारली. ती आजीच्या मागे सरकली. "नगं. खोकला लागंल." चूक तिची नव्हती. बाईंनी शिकवलेलं तिनं पाठ केलं होतं.

आणि खरं सांगू? ती आली नाही तेव्हा मला हायसंही वाटलं. इतकी भीती अंगात मुरली होती. डोक्याला पटलं होतं, रिपोर्टला पटलं होतं, छातीला पटेना. तेव्हा मी एक ठरवलं, आणि तुम्हाला सांगायचं ते हेच. आधी भीती जाईल आणि मग मी पोरीला जवळ घेईन, अशी वाट बघायची नाही. तशी वाट बघितली असती तर पोर सासरी गेली असती. भीती राहू दे कोपऱ्यात बसून, मी माझं काम करते.

कॉट मधल्या खोलीत आणली. ह्यांनी एका शब्दानं न विचारता दुसरी बाजू धरली. शाळेत पहिला बाक पुन्हा पुढे ओढला. रोज सकाळी पिंकीच्या वेण्या घालायचं काम सासूबाईंकडून मागून घेतलं, कारण वेणी घालताना पोर पाठमोरी बसते, तिला माझं तोंड दिसत नाही आणि मला तिचं. तरी पहिले काही दिवस वेणी होईतोवर मी श्वास धरून ठेवायची. घाईघाईत भांग वाकडा जायचा, एक वेणी वर, एक खाली. सासूबाई बघून म्हणाल्या, "आगं, सास घे की. टीबीतनं वाचलीस आन् वेनीत मरशील." त्यावर पिंकी खुदकन हसली. ती हसली म्हणून मी हसले, आणि हसताना श्वास घ्यावाच लागतो.

मग हळूहळू घास. हात लांब करून घास धरायचा, तिनं मान लांब करून घ्यायचा. मग हात थोडा आखडता, मान थोडी पुढे. कधी चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी साधा ठसका लागला तरी मी उठून बाहेर पळायची. आबा पेपर पुढे करून म्हणायचे, "ये, वाच. मोठ्यानं वाच." मी वाचायची. आवाज आधी चिरका आला, मग नीट यायला लागला.

असे दोनेक महिने गेले असतील. थंडीचे दिवस होते. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. गल्लीत निम्मी पोरं शेंबडी झाली होती, आमचीही त्यातच. ती बाहेरून पळत आली, मधली खोली ओलांडून थेट माझ्या अंगावर रेलली, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या तोंडावर सणसणीत शिंकली. मग माझा पदर ओढून त्याला नाक पुसलं, गरम भाकरीचा पापुद्रा तोडला आणि माझ्या गुडघ्यावर बसून खाल्ला. शाळेत असं करणाऱ्या पोराला मी आधी नळावर धाडते. त्या दिवशी मी तिला गुडघ्यावरच बसू दिलं. तव्यावरची भाकरी करपली.

दोन दिवसांनी माझं नाक गळायला लागलं. घसा धरला, खोकलाही आला. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून काळजीनं विचारलं, "आवं बाई, तुमाला खोकला? कुनाकडनं लागला?"

"आमच्या पिंकीकडनं," मी म्हणाले, आणि ते मी इतक्या आनंदानं सांगितलं की त्या बघतच राहिल्या.